बिंबिका आणि न भरणारी जखम



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांना सारं गाव डॉक्टरसाहेब म्हणायचं. मी त्यांना डॉक्टरकाका म्हणायचे. त्यांच्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत, खिडकीशी, एक पितळी सूक्ष्मदर्शक असे. त्याला दिवा नव्हता, खाली गोल आरसा होता. सकाळचं ऊन त्या आरशावर धरून काका रक्ताच्या काचा बघत. मी नववीत असताना त्यांनी मला त्या नळीला डोळा लावू दिला. बोटाच्या एका थेंबाचा पातळ थर काचेवर पसरून त्याला लीशमनचा रंग दिलेला होता. गुलाबी तांबड्या पेशी दिसल्या, जांभळ्या केंद्राच्या पांढऱ्या पेशी दिसल्या, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक जांभळट ठिपके दिसले, कुठे सुटे, कुठे झुबक्यानं. मला वाटलं, रंग नीट धुतला गेला नाही, त्याचाच गाळ राहिला. काकांनी सांगितलं की हा गाळ नाही, या प्लेटलेट्स आहेत. आणि मोठमोठ्या संशोधकांनाही पूर्वी तो गाळच वाटला होता.

पुढे मी पॅथॉलॉजी शिकले, आणि माझं सगळं आयुष्य त्या ठिपक्यांच्या सोबतीत गेलं. काकांची आणखी एक सवय मला पुढे फार उपयोगी पडली. रक्तस्राव असो, सूज असो की ताप, ते आधी एकच शोधत: जखम कुठे आहे? आजच्या व्याख्यानाचा धागाही तोच आहे. हृदयविकाराचा झटका आणि कॅन्सरचं शरीरभर पसरणं, हे वरवर अगदी वेगळे वाटणारे दोन आजार. त्या दोन्हींत या ठिपक्यांचा हात आहे. तो हात का आहे, हे समजून घ्यायचं तर जखमेपासूनच सुरुवात करावी लागते.

शाळेच्या पुस्तकात यांना रक्तपट्टिका किंवा रक्तबिंबिका म्हणतात. घरात मात्र ‘प्लेटलेट्स’ हाच शब्द रुळला, आणि तो रुळवला डेंग्यूनं. पावसाळा सरता सरता घराघरांतून आकडे ऐकू येऊ लागतात. कुणाच्या ऐंशी हजारांवर आल्या, कुणाच्या वीस हजारांवर. पपईच्या पानांचा रस निघतो, रक्तपेढीत धावाधाव होते. त्यामुळे प्लेटलेट्स म्हणजे कमी होऊ नयेत अशी एक मौल्यवान गोष्ट, एवढीच आपली ओळख झाली. ती ओळख खरी आहे, पण अर्धी आहे.

बिंबिका ही पूर्ण पेशीसुद्धा नव्हे; ती पेशीचा तुकडा आहे. आकार दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर लांबीत चारशेच्या आसपास शेजारी शेजारी मावतील. तिला केंद्रक नाही. एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. पाच लिटर रक्ताचा हिशेब केला तर बेरीज एक लाख कोटींच्या घरात जाते. त्यांचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणून शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या बिंबिका घडवाव्या लागतात. हे काम अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशी करतात. त्या पेशी आपले लांब हात रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घालतात आणि वाहत्या रक्ताच्या ओढीनं त्या हातांचे तुकडे तुटून प्रवाहाला लागतात. बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये हा उगम ओळखला. त्यांनी स्वतः बनवलेल्या रंगात महाकाय पेशीतले कण आणि बिंबिकांतले कण अगदी एकसारखे रंगले होते. रंगाच्या त्या साम्यावरून त्यांनी आईलेकीचं नातं जुळवलं.

बिंबिकांचं काम मात्र त्याआधीच उमगलं होतं. १८६५ साली जर्मनीत मॅक्स शुल्ट्झे यांनी या कणांचे पुंजके नोंदवले होते. हा काही रक्ताचा स्वतंत्र घटक आहे, असं मात्र फार कुणी मानत नव्हतं. इटलीतल्या तुरिनमध्ये जुलिओ बिझोझेरो यांनी एक सोपी पण मोठी गोष्ट केली. त्यांनी काचेवरचं मेलेलं रक्त बाजूला ठेवलं आणि जिवंत लहान प्राण्यांच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. रक्त वाहत होतं, आणि वाहत्या रक्तात हे कण होते. मग त्यांनी वाहिनीच्या भिंतीला इजा केली. इजेच्या जागी सगळ्यांत आधी हे कण धावून आले, भिंतीला चिकटले, एकमेकांना चिकटले, आणि गुठळीचा पाया पडला. १८८२ साली त्यांचा विस्तृत निबंध जर्मन भाषेत छापून आला. कचरा समजलेली वस्तू रक्ताची पहिली रखवालदार ठरली.

ही रखवाली कशी चालते ते जरा बारकाईनं पाहू, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

निरोगी रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक अखंड अस्तर असतं. हे अस्तर नुसतं गुळगुळीत नसतं. त्यातून प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड झिरपत असतात आणि जवळून जाणाऱ्या बिंबिकांना ते शांत ठेवतात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. रक्तातलं फॉन विलेब्रांड प्रथिन त्या कोलॅजनला धरतं, आणि वेगानं वाहून चाललेली बिंबिका त्या प्रथिनाच्या दोरीला अडकते. क्षणात तिचं रूप पालटतं. चपटी तबकडी काटेरी होते, पाय पसरते. ती आपल्या पोटातल्या पिशव्या रिकाम्या करते, एडीपी नावाचा पदार्थ बाहेर टाकते, थ्रॉम्बॉक्सेन तयार करते, आणि या दोन हाकांनी बाकीच्या बिंबिका गोळा होतात. त्यांच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारी प्रथिनं कामाला लागतात, फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि भोक बुजतं.

एवढ्यावर तिचं काम संपत नाही. त्याच पिशव्यांमध्ये डागडुजीचं सामानही असतं. नव्या पेशी वाढवणारी द्रव्यं, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी द्रव्यं, आजूबाजूच्या संरक्षक पेशींना बोलावणारी आणि आवरणारी द्रव्यं. म्हणजे बांध घालणारी बिंबिकाच पुढे गवंडीकाम करणाऱ्यांनाही बोलावते. आपल्या गुडघ्यावरची खपली पडून खाली नवी कातडी येते, त्यामागे हे सगळं असतं.

आता एक गोष्ट मनात पक्की ठेवू. बिंबिका जखम ओळखते, पण ती जखम कशामुळे झाली हे तिला कळत नाही. विळीनं कापलेलं बोट, चरबी साचून तडकलेली धमनी आणि कॅन्सरच्या गाठीतली गळकी रक्तवाहिनी, तिच्या लेखी तिन्ही सारख्याच. ती तिन्हींना सारख्याच निष्ठेनं मदत करते.

आधी धमनी घेऊ. हृदयाच्या धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. बहुतेकांना वाटतं की तो वाढत वाढत नळी बंद करतो आणि झटका येतो. पुष्कळदा घडतं ते वेगळं. लंडनमध्ये मायकेल डेव्हिस आणि अँथनी थॉमस यांनी हृदयविकारानं अचानक दगावलेल्या माणसांच्या धमन्या तपासून १९८४ मध्ये दाखवलं की त्यांच्यातल्या बहुतेकांत ताजी गुठळी होती, आणि तिच्या तळाशी त्या थराला चीर पडलेली होती. बिंबिकेला ती चीर दिसली आणि ती धावली. धमनी आधीच अरुंद झालेली, प्रवाह जोरदार. आणि अशा जोरदार प्रवाहातच फॉन विलेब्रांडची दोरी अधिक घट्ट पकडते. जीव वाचवणारा बांध नळीतच घातला गेला. पुढच्या स्नायूला रक्त मिळेना.

या गोष्टीचा दुसरा धागा मला जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये रसेल रॉस धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवत होते. त्यांच्या लक्षात आलं की रक्त गोठून मिळालेला सीरम घातला की पेशी भराभर वाढतात, पण बिंबिका आधीच काढून टाकून तयार केलेला द्रव घातला तर त्या गप्प बसतात. त्याच द्रवात बिंबिकांचा अंश मिसळला की पुन्हा वाढू लागतात. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. म्हणजे धमनीची भिंत जाड करणारा एक संदेश बिंबिकांच्या पोटातून येतो. त्या द्रव्याला पुढे पीडीजीएफ हे नाव मिळालं. बिंबिका नुसती शेवटच्या क्षणी गुठळी करते असं नाही, भिंतीच्या आजारात ती आधीपासून सामील असते, हा विचार तिथून रुजला.

१९८३ मध्ये काही विलक्षण घडलं. माकडात कॅन्सर निर्माण करणाऱ्या एका विषाणूचं जनुक संशोधकांच्या हाती होतं. त्या जनुकाच्या प्रथिनाची रचना दोन वेगवेगळ्या गटांनी माहीत असलेल्या प्रथिनांशी ताडून पाहिली, तर ती पीडीजीएफशी जवळजवळ तंतोतंत जुळली. जखम भरण्यासाठी बिंबिका जो संदेश जपून वापरते, तोच संदेश अखंड चालू ठेवला की पेशी कॅन्सरच्या वाटेला लागते. मी विद्यार्थिनी असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. रक्तवाहिनीचा आजार आणि कॅन्सर यांना जोडणारा पूल माझ्या समोर उभा होता, आणि तो बिंबिकेच्या पोटातून गेलेला होता.

कॅन्सर आणि गुठळी यांचं नातं मात्र त्याहून कितीतरी आधी एका डॉक्टरच्या नजरेला पडलं होतं. पॅरिसचे अर्मां त्रूसो. १८६५ साली आपल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं की काही रुग्णांच्या पायाच्या शिरेत विनाकारण गुठळी होते, पाय पांढुरका, सुजलेला आणि दुखरा होतो. अशा वेळी शरीरात कुठे तरी दडलेला कॅन्सर असण्याची शंका घ्यावी. दोन वर्षांनी, १८६७ च्या पहिल्या दिवशी, त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताची शीर सुजली. त्यांनी आपल्या शिष्याला सांगितलं की आता आपल्याबाबत शंका उरलेली नाही. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जठराच्या कॅन्सरनं त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकाच्या इतिहासात स्वतःच्या निरीक्षणाला इतक्या शांतपणे सामोरं गेलेली माणसं थोडी असतील. आजही कारण नसताना पायाची शीर गोठलेला प्रौढ रुग्ण आला की जाणता डॉक्टर वजन, भूक, शौचाच्या सवयी याबद्दल चार प्रश्न जास्त विचारतो, ती त्रूसोंचीच शिकवण.

त्यांच्या निरीक्षणाची एक बाजू अशी की कॅन्सर बिंबिकांना आणि गुठळी करणाऱ्या प्रथिनांना चेतवतो. दुसरी बाजू समजायला पुढे शंभर वर्षं लागली: चेतवलेल्या बिंबिका कॅन्सरला काय देतात?

कॅन्सरनं होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीनं होत नाहीत, ती पसरल्यानं होतात. हा प्रसार आंधळा नसतो. १८८९ मध्ये लंडनचे स्टीव्हन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या आणि मांडलं की बी सगळीकडे उडतं, पण मानवणाऱ्या जमिनीतच रुजतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण बी आणि जमीन यांच्यामध्ये एक प्रवास असतो, आणि कॅन्सरच्या पेशीसाठी तो भयंकर असतो. एका जागी चिकटून राहायची सवय असलेली पेशी एकाएकी रक्ताच्या लोंढ्यात पडते. प्रवाहाचे तडाखे बसतात, रोगप्रतिकारक पेशी गस्तीवर असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की रक्तात सोडलेल्या हजार पेशींतली एखादीही दुसऱ्या दिवशी जेमतेम जिवंत सापडते. मग जी वाचते ती कशी वाचते?

१९६८ मध्ये फिलाडेल्फियात गॅब्रिएल गासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या बिंबिका एका विकराच्या साहाय्यानं कमी केल्या आणि मग त्यांना कॅन्सरच्या पेशी टोचल्या. फुप्फुसात उगवणाऱ्या गाठी कमी झाल्या. त्याच उंदरांना बाहेरून बिंबिका दिल्यावर ते संरक्षण नाहीसं झालं. प्रयोग साधा, निष्कर्ष स्पष्ट: बिंबिका बियाच्या प्रवासाला मदत करतात.

ही मदत कशी होते याचे धागे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उलगडले. कॅन्सरची पेशी रक्तात आली की तिच्या अंगावरच्या द्रव्यांमुळे बिंबिका चेततात आणि तिच्याभोवती थर करतात, थंडीत अंगाभोवती गोधडी घ्यावी तसा. या गोधडीनं प्रवाहाचा मार कमी होतो. शरीरात फिरणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींना आतली परकी पेशी नीट चाचपता येत नाही. १९९९ मध्ये हे उंदरांत दाखवलं गेलं. शिवाय बिंबिका आपल्या पृष्ठभागावरची, ‘ही आपलीच’ अशी ओळख सांगणारी प्रथिनं कॅन्सरच्या पेशीला चिकटवतात. म्हणजे गोधडीवर घरचं नावही लिहिलेलं.

दुसरं म्हणजे, बिंबिका तिला चालायला शिकवतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत मिरियम लाबेल, शाहिनूर बेगम आणि रिचर्ड हाइन्स यांनी दाखवलं की बिंबिकांशी थोडा वेळ संपर्क आला तरी कॅन्सरच्या पेशींचा स्वभाव बदलतो. बिंबिका टीजीएफ-बीटा नावाचा संदेश देतात, त्यानं पेशी आपली घट्ट वीण सोडून सुटी, सरपटणारी, भिंत भेदणारी होते. हा संदेश मुळात जखमेच्या कडेच्या पेशींसाठी असतो. त्यांनी सरकत येऊन जखम झाकावी म्हणून. तोच चुकीच्या पेशीच्या कानी पडतो.

तिसरं, जिथे उतरायचं तिथलं दारही बिंबिका किलकिलं करतात. त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी रक्तवाहिनीचं अस्तर सैलावतं आणि पेशी बाहेर पडते. तिथे गाठ वाढू लागली की तिला रक्तपुरवठा हवा. नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं व्हीईजीएफ हे द्रव्य बिंबिका जवळ बाळगतात. गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात हा विचार बॉस्टनचे ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला, तेव्हा तो पुष्कळांना पटला नव्हता. आज त्यावर उभी असलेली औषधं आपल्याकडच्या कॅन्सर रुग्णालयांतही रोज वापरली जातात.

गाठ नुसती बिंबिकांचा लाभ घेते असंही नाही. ती त्या जास्त बनवूनही घेते. ह्यूस्टनमध्ये अनिल सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरच्या ६१९ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये मांडला. त्यांतल्या ३१ टक्के स्त्रियांत बिंबिका साडेचार लाखांच्या वर होत्या आणि त्यांचं आयुर्मान कमी होतं. कारणाची साखळीही सापडली. गाठ इंटरल्युकिन-६ हे द्रव्य सोडते. ते यकृतापर्यंत पोहोचतं. यकृत थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक वाढवतं, त्यानं अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशी जोमानं बिंबिका पाडतात, आणि त्या बिंबिका पुन्हा गाठीच्याच कामी येतात. ओटीपोटातली गाठ यकृतामार्फत हाडांना कामाला लावते.

या सगळ्याला एकत्र बांधणारी कल्पना १९८६ मध्ये बॉस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी मांडली: गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, प्रथिनं बाहेर झिरपतात, फायब्रिनचं जाळं सतत विणलं जातं. शरीर तिथे दुरुस्ती करत राहतं आणि ती दुरुस्ती गाठीचं खतपाणी होते. चरबीनं तडकलेली धमनीही अशीच. आपण काकांसारखं विचारलं, जखम कुठे आहे, तर दोन्ही आजारांत उत्तर मिळतं; आणि दोन्हीकडे ती जखम अशी असते की बिंबिकेच्या मदतीनं ती भरत नाही, चिघळते.

आता रुग्णाच्या बाजूनं पाहू. कॅन्सरच्या रुग्णात शिरेतली गुठळी हे मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. कुणाला धोका जास्त, हे केमोथेरपीआधीच ओळखता यावं म्हणून डॉ. अलोक खोराना यांनी २००८ मध्ये एक गुणांकन सुचवलं. कॅन्सर कुठला, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती, वजन किती, आणि बिंबिका साडेतीन लाखांवर आहेत का, अशा साध्या नोंदींवर ते चालतं. महागडी यंत्रं लागत नाहीत. आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही करता येईल असं हे गणित आहे.

बिंबिका वाढल्या म्हणजे कॅन्सर का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाढलेल्या बिंबिका आढळलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांपैकी ११.६ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ६.२ टक्क्यांना वर्षभरात कॅन्सरचं निदान झालं. हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पण उलट बाजूनं वाचा: नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांना झालं नाही. आपल्याकडे वाढलेल्या बिंबिकांमागे लोहाची कमतरता, एखादा जंतुसंसर्ग किंवा शरीरातली दुसरी सूज हीच कारणं पुष्कळदा असतात. तेव्हा रिपोर्टमधला आकडा पाहून घाबरू नका, आणि तो खिशात घालून विसरूही नका. डॉक्टरांना दाखवा.

आता औषध. बिंबिकांना आवरणारं सगळ्यांत जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे ॲस्पिरिन. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन या साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं पाहिलं की टॉन्सिल काढल्यावर ॲस्पिरिनचा चिंगम चघळणाऱ्या मुलांना रक्तस्राव जास्त होतो. ज्यानं रक्तस्राव वाढतो त्यानं हृदयातली गुठळी टळेल, असा तर्क त्यांनी केला आणि १९५० च्या सुमारास आपल्या रुग्णांना ते द्यायला लागले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनची करणी उलगडली आणि १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. थ्रॉम्बॉक्सेन बनवणारा विकर ॲस्पिरिन कायमचा बंद पाडतं. इतर पेशी नवा विकर बनवतात. बिंबिकेला केंद्रक नाही, तिला तो बनवता येत नाही. एक लहान गोळी त्या बिंबिकेच्या उरलेल्या सात-आठ दिवसांची हाक बंद करते. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. महिनाभर ॲस्पिरिन दिल्यावर पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांशानं घटले.

मग कॅन्सरचं काय? ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी हृदयविकारासाठी झालेल्या जुन्या ॲस्पिरिन चाचण्यांच्या नोंदी कॅन्सरसाठी पुन्हा तपासल्या. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की ॲस्पिरिन घेणाऱ्या गटात कॅन्सर दूरवर पसरण्याचं प्रमाण सुमारे तृतीयांशानं कमी होतं. २०२५ मध्ये केंब्रिजच्या राहुल रॉयचौधुरी यांच्या गटानं त्यामागची एक यंत्रणा उंदरांत उलगडली. बिंबिकांचं थ्रॉम्बॉक्सेन टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना गप्प करतं. ॲस्पिरिननं ते थांबलं की टी-पेशी पुन्हा हिंडून विखुरलेल्या कॅन्सरपेशी शोधतात. त्याच वर्षी उत्तर युरोपातल्या आलास्का चाचणीत, आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत एका ठरावीक जनुकमार्गात बिघाड असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं ॲस्पिरिन दिल्यावर कॅन्सर परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

हे ऐकून उद्या सकाळी मेडिकलच्या दुकानात जायचा मोह होईल. म्हणून पुढचं लक्ष देऊन ऐका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांना ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी दिली गेली. ॲस्पिरिनच्या गटात मोठा रक्तस्राव जास्त झाला आणि कॅन्सरनं होणारे मृत्यूही जास्त दिसले, ३.१ टक्के विरुद्ध २.३ टक्के. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. म्हणजे कुणाला, कोणत्या गाठीत, कोणत्या वयात, हे ठरल्याशिवाय ॲस्पिरिन हा उपाय नाही. याच प्रश्नांसाठी ब्रिटन, आयर्लंड आणि भारत यांनी मिळून ॲड-ॲस्पिरिन ही मोठी चाचणी हाती घेतली, आणि भारतातलं काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकारानं झालं. परळच्या त्या इमारतीत उपचारांसाठी येणारी आपली माणसं जगाच्या ज्ञानात अशी भर घालतात, याचा मला अभिमान वाटतो. आणि डेंग्यूच्या दिवसांत एक कायम लक्षात ठेवा: तापासाठी स्वतःहून ॲस्पिरिन घेऊ नका. बिंबिका आधीच कमी असताना उरलेल्यांचंही तोंड बंद केल्यासारखं होतं.

शेवटची गोष्ट रक्तपेढीतली. केमोथेरपीनं अस्थिमज्जा दबते आणि बिंबिका दहा-वीस हजारांवर येतात. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर लाल ठिपके उठतात, मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा वेळी त्या रुग्णाला बिंबिकाच चढवाव्या लागतात. ज्या बिंबिकांनी त्याच्या गाठीला मदत केली असेल, त्याच त्याला उपचार सोसण्यासाठी तारतात. त्यांना शत्रू ठरवून संपवता येणार नाही. उद्याचं औषध असं हवं की बिंबिकेनं बोट कापल्यावर धावावं आणि गाठीच्या हाकेला धावू नये. संशोधन तिथेच चाललं आहे.

रक्तपेढीत बिंबिकांच्या पिशव्या फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. वीस ते चोवीस अंशांवर, सतत हलणाऱ्या फळीवर ठेवतात, पाळण्यात ठेवावं तशा. पाच दिवस टिकतात. म्हणून त्यांचा साठा करता येत नाही, दाता रोज लागतो. यंत्रातून फक्त बिंबिका काढून घेऊन बाकीचं रक्त दात्याला परत देतात. तास-दीड तास जातो. दात्याला आधी एक प्रश्न हमखास विचारतात: गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलं होतं का? आता तो का विचारतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपण इथे तासभर बसलो. या तासात तुमच्या प्रत्येकाच्या हाडांत चारशे कोटींच्या आसपास नव्या बिंबिका तयार झाल्या आणि तेवढ्याच जुन्या निवृत्त झाल्या. बाहेर दारापाशी रक्तपेढीच्या ताई वही घेऊन बसल्या आहेत. डॉक्टरकाकांच्या स्मृतिदिनी त्या वहीत आपलं नाव आणि फोन नंबर लिहून जा. कुणाची तरी जखम आज रात्री वाट पाहत असेल.